एक नंबरची बाटली

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला विश्न्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती आणि तिची रादोयकाआत्या तिच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होती. टेबलापासून खिडकीपर्यंत पाच पावलं, खिडकीपासून टेबलापर्यंत पाच. मध्येच ती थांबे, खिशातला कागद काढी, एक वाक्य पुटपुटे आणि पुन्हा चालू लागे.

"एका जागी बस गं बाई," आत्या म्हणाली. "तुझ्याकडे बघून मला घेरी यायला लागलीय."

"आत्या, बारा वाजता माझा नंबर आहे. पूर्ण वर्गातून एकालाच बेलग्रेडच्या परिषदेला पाठवणारेत. एकालाच!"

"मग तुलाच पाठवतील. सरांनीच म्हटलंय ना, तुझी रेघ सुंदर आहे म्हणून?"

तसं सर म्हणाले होते खरे. विश्न्या रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. प्रत्येकाने एक छोटं संशोधन करून दाखवायचं होतं. तिने आपली नदी घेतली. उगमाजवळून एक नंबर, मग खाली खाली येत पुलाखालून, गिरणीमागून, साबणाच्या कारखान्याखालून अशा आठ ठिकाणच्या आठ बाटल्या भरल्या आणि प्रत्येक पाणी किती गढूळ ते मोजलं. आकडे कागदावर मांडले तर रेघ अशी सरळ चढत गेली की प्राध्यापक झेबेल्यान यांनी चष्मा काढून पुसला.

"तीस वर्षं शिकवतोय मी," ते म्हणाले होते. "विद्यार्थ्यांच्या रेघा म्हणजे शेळीने चढलेला डोंगर. ही पहिलीच रेघ, जी कुठे घसरत नाही. आणि हे एक नंबरचं पाणी! आपल्या प्रयोगशाळेतल्या पाण्याहून स्वच्छ! ही बाटली माझ्या टेबलावरच राहू दे."

झेबेल्यान सर स्तुतीच्या बाबतीत फार हात राखून. देवाच्या बाबतीत तर त्याहून. आयुष्यात एकदाच देवळात गेलो, तेही बाप्तिस्म्याला, आणि तेव्हाही स्वतःच्या पायांनी नव्हे, असं ते अभिमानाने सांगत.

आत्याने शर्ट हँगरला अडकवला. "आणि हो, त्या बाटल्या परत आण. टोमॅटोचा रस भरायला लागतात मला. पुढच्या वेळी चांगल्या गोंदाच्या चिठ्ठ्या लाव. गेल्या आठवड्यात सोमवारी उपासाआधीचा म्हणून फ्रिज बाटल्यांसकट धुतला, तर सगळ्या गळून पडल्या. मी पुन्हा चिकटवल्या म्हणून बरं."

विश्न्या थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच पुरती थांबली.

"पुन्हा चिकटवल्यास? कशावर काय?"

"कशावर काय म्हणजे? ओळीने. सगळ्यांत नितळ ती एक नंबर, तिच्याहून जरा गढूळ ती दोन नंबर. शाळेत मुलं उंचीप्रमाणे उभी करतात ना, तशी. चांगला अर्धा तास खिडकीशी धरून बघत होते."

विश्न्या खुर्चीवर बसली. ती सुंदर रेघ नदीने काढलीच नव्हती. ती आत्याने काढली होती.

"फक्त एक घोटाळा झाला," आत्या शर्टाची कॉलर सारखी करत म्हणाली. "चिठ्ठ्या आठ आणि बाटल्या नऊ."

"नऊ कशा? मी आठच ठेवल्या होत्या."

"तीर्थाची नवी बाटली पण तिथेच होती ना, फ्रिजच्या दारात! तशीच बाटली, तसंच निळं झाकण."

जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला देवळातून बाटली भरून आणायची, ती वर्षभर जपायची आणि रोज सकाळी काही खाण्याआधी त्यातलं घोटभर घ्यायचं, हे आमच्याकडे घरोघरी चालतं. आत्याने त्यात कधी खंड पाडलेला नव्हता.

"मग तीर्थ कुठलं ते तू कसं ओळखलंस?" विश्न्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"वासावरून! बाकीच्यांना चिखलाचा वास. एकीला कसलाच नाही. आणि एक उघडली मात्र, अहाहा, तुळशीचा असा घमघमाट! आपल्या देवळातले गावरिलोबाबा तुळशीची जुडी बुडवूनच तर शिंपडतात. मी लगेच ओळखलं. तीच देवाच्या तसबिरीपाशी ठेवली."

साबणाच्या कारखान्यात त्या महिन्यात तुळशीच्या वासाचा साबण निघत होता. नदीकाठी बाटली भरताना विश्न्याने स्वतःच वहीत लिहिलं होतं: सहा नंबर, वास छान.

"आत्या... तू ते प्यायलीस?"

"रोज. आणि सांगू का?" आत्या जवळ सरकली. "बारा वर्षांचं माझं पोट, विश्न्या. डॉक्टर झाले, मनुका झाल्या, एरंडेल झालं. चौथ्या दिवशी मोकळं! प्रभूची कृपा. थोडा फेस येतो तोंडाला, पण तेवढं चालायचंच."

तेवढ्यात दार वाजलं. दुसऱ्या मजल्यावरच्या ल्युबिन्काकाकू रिकामी काचेची बरणी घेऊन उभ्या होत्या.

"रादोयका, चमचाभर आहे का गं अजून? आमच्या ह्यांना काल दिलं, तर रात्रीपासून ते बाहेरच आलेले नाहीत. आतूनच सांगतायत, आणखी आण म्हणून."

"दिलंस? कुणाकुणाला दिलंस?" विश्न्या किंचाळली.

"सगळ्यांना," आत्या साधेपणाने म्हणाली. "चारही मजले. कृपा काय एकटीने खायची असते? सगळं लिहून ठेवलंय मी, कुणाला किती चमचे दिले आणि कुणाला कितव्या दिवशी गुण आला." तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. उपासाचा पूर्ण आठवडा बारीक अक्षरांनी भरलेला होता.

"उरलेलं दे. आत्ताच्या आत्ता."

"उरलेलं कुठलं आता? काल देवळात नेऊन तीर्थाच्या पिंपात ओतलं. तीर्थाचा थेंब पडला की सगळं पाणी तीर्थ होतं. म्हटलं, एवढा गुण आहे तर गावाला मिळू दे. बाबा आज निरूपणात सांगणार आहेत त्याबद्दल."

घड्याळात अकरा वाजायला दहा मिनिटं होती. विश्न्याने इस्त्रीचा शर्ट हँगरसकट ओढला आणि जिने उतरली. कोपऱ्यावर रस्ता फुटत होता. डावीकडे विद्यापीठ. तिथे ती सुंदर रेघ होती, खूश झालेले सर होते, बेलग्रेडची एकुलती एक जागा होती आणि रेघेचं गुपित फक्त आत्याला ठाऊक होतं, जिला त्यात गुपित आहे हेही ठाऊक नव्हतं. उजवीकडे देऊळ. तिथे चाळीस लिटरचं जस्ती पिंप होतं आणि त्याच्या नळापाशी बाटल्या घेऊन रांगेत उभी राहणारी माणसं.

"सत्यानाश!" असं मोठ्याने म्हणून ती उजवीकडे वळली.

गावरिलोबाबांचं निरूपण ऐकायला लोक शेजारच्या दोन गावांतून येतात, ते उगाच नाही. बाबा बोलत नाहीत, गातात. साधी सूचनासुद्धा गाऊन देतात. खर्जात सुरुवात करतात, मग हळूहळू वर चढतात आणि वरच्या सुरावर असे रेंगाळतात की मेणबत्त्यांच्या ज्योतीही जरा ताठ होतात. मी स्वतः, रादोयकाआत्याचा वरच्या मजल्यावरचा शेजारी, त्या आवाजाने तीन वेळा रडलो आहे, त्यातल्या एकदा तर ते छप्पर गळतंय म्हणून सांगत होते.

विश्न्या धापा टाकत आत शिरली तेव्हा बाबा नेमके वरच्या सुरावर होते.

"बारा-आ वर्षांची व्यथा-आ... आमच्या भगिनीची... चौथ्या दिवशी-ई..."

पिंपापाशी रांग लागली होती. पहिल्या म्हाताऱ्याच्या पेल्यात पाण्यावर बोटभर पांढरा फेस डोलत होता. म्हातारा त्याच्याकडे भक्तिभावाने बघत क्रूस करत होता.

"पिऊ नका!" विश्न्या ओरडली. "बाबा, थांबवा! ते तीर्थ नाही! साबणाच्या कारखान्याखालचं पाणी आहे ते!"

बाबांचा सूर हवेतच राहिला. एवढ्या वरून तो खाली आणायला त्यांना वेळ लागला. सगळं देऊळ मागे वळलं. विश्न्या हातात हँगर घेऊन तिथेच उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. फ्रिज, चिठ्ठ्या, नऊ बाटल्या, तुळशीचा साबण. सांगता सांगता तिला कळत होतं की या गर्दीत निदान चार बायका अशा आहेत, ज्यांची मुलं तिच्याच वर्गात आहेत. दुपारपर्यंत हे विद्यापीठात पोहोचणार होतं. रेघ गेली. बेलग्रेड गेलं.

म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे रादोयकाचं पोट साबणाने साफ झालं?" आणि अख्खं देऊळ फिसकन हसलं. उपासाच्या दिवसांत देवळात हसायचं नसतं, म्हणून सगळ्यांनी तोंडावर हात धरले. त्यामुळे ते हसू आणखीच लांबलं.

बाबा खाली उतरले. त्यांनी नळाखाली बोट धरलं, वास घेतला.

"वास चांगला आहे," ते न गाता म्हणाले. त्यांना न गाता बोलताना ऐकण्याची आमची ती पहिलीच वेळ. "बाळ, तू वेळेत आलीस. पण यातलं अर्धं खरं तीर्थ आहे. गटारात नाही टाकता यायचं. चला रे, धरा पिंप."

आमच्याकडे तीर्थ कुणाचा पाय पडणार नाही अशाच जागी ओततात. देवळामागे लिंडनचं झाड आहे, तिथे चौघांनी पिंप नेलं. विश्न्यालाही एक कडी धरावी लागली, कारण चौथा म्हातारा वाटेत सारखा दम घ्यायला थांबत होता. पिंप रिकामं झालं, झाडाच्या बुंध्याशी सुंदर फेस झाला आणि साडेअकरा वाजले.

"जा आता," बाबा म्हणाले. "आणि तिकडेही हेच सांग. इथे सांगितलंस तसंच."

"तिकडे सांगितलं तर सगळं संपलं, बाबा."

"मला काय कळतंय त्यातलं," बाबा म्हणाले आणि दाराकडे वळता वळता पुन्हा गाऊ लागले, "पण हँगर-अ मात्र-अ इथेच ठेव-अ..."

बाराला दोन मिनिटं कमी असताना विश्न्या सभागृहात पोहोचली. शर्ट अंगात होता, पण बाह्यांवर जस्ताचा काळा डाग. मागच्या रांगेत रादोयकाआत्या आधीच येऊन बसली होती. मांडीवर कॅलेंडर. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण पुतणीचा दिवस होता. पुढे परीक्षकांच्या टेबलामागे मधोमध झेबेल्यान सर.

पडद्यावर रेघ झळकली. सभागृहातून 'वा' असा आवाज आला. तोच 'वा' विश्न्या आठवडाभर रोज झोपताना मनात ऐकत होती. तिने तो पुरता ऐकून घेतला.

"ही रेघ खोटी आहे," ती म्हणाली. "ही माझ्या आत्याने लावली आहे." आणि तिने सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. गेलं नाही. शेवटी ती म्हणाली, "माझ्याकडे एकही खरा आकडा नाही. तुम्ही मला शून्य द्या, पण नदी पुन्हा भरून आणायला एक आठवडा द्या."

एक परीक्षक छताकडे बघू लागला. झेबेल्यान सर मात्र समोर बघत होते, आपल्या टेबलावरच्या बाटलीकडे. निळं झाकण, चिठ्ठीवर विश्न्याच्या अक्षरातला एक. बाटली पाऊण रिकामी होती. सरांच्या हातात काचेचा पेला आणि पेल्यात अजून घोटभर.

"म्हणजे..." सर सावकाश म्हणाले, "एक नंबर कुठला?"

विश्न्याला उत्तर द्यायची इच्छा नव्हती. "बाबांच्या पिंपातला, सर. जानेवारीतला. ते... तीर्थ आहे."

सरांनी पेला टेबलावर ठेवला. अगदी अलगद ठेवला.

"तुम्ही ते कधी घेता?" मागून रादोयकाआत्याने विचारलं. तिच्या आवाजात थट्टा नव्हती, चौकशी होती. तिने पेन्सिलही काढली होती.

"सकाळी," सर म्हणाले. "आल्या आल्या. कॉफीच्या आधी."

"म्हणजे काही न खाता!"

"...हो."

"किती दिवस?"

"गेल्या बुधवारपासून." ते तीस वर्षांत पहिल्यांदाच विद्यार्थ्यासारखे उत्तरं देत होते.

"तरीच चेहऱ्यावर तेज आलंय," आत्याने लिहून घेत म्हटलं, आणि अख्खं सभागृह हसत सुटलं. छताकडे बघणारा परीक्षक टेबलाखाली काहीतरी शोधायला गेला तो बराच वेळ वर आला नाही.

हसू ओसरल्यावर सर उठले. त्यांनी आत्यापाशी जाऊन कॅलेंडर मागून घेतलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. चार मजले, सतरा माणसं, रोज किती चमचे, कितव्या दिवशी काय.

"विश्न्या," ते कॅलेंडरातून वर न बघता म्हणाले, "नदी पुन्हा भरून आण. या वेळी दोन-दोन बाटल्या, आणि मार्करने थेट बाटलीवर लिही. हे कॅलेंडरही सोबत लाव. आपल्या साबणकारखान्याचं नगरपालिकेला कुणीतरी सांगायला हवं, आणि एवढा नीट पुरावा या वर्गात दुसऱ्या कुणी आणलेला नाही. बेलग्रेडला तूच जा."

विश्न्या पडद्यापासून धावतच मागच्या रांगेत त्यांच्यापाशी आली.

"एका अटीवर," सर खाली वाकून पुटपुटले. "तिथे सहा नंबरच्या बाटलीबद्दल हवं तेवढं बोल. एक नंबरबद्दल एक अक्षर नाही."

ती अट विश्न्याने पाळली. मी पाळायचं कबूल केलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी गावरिलोबाबांचं निरूपण फार रंगलं. पिंप घासून, तीन वेळा विसळून, नव्याने भरून मंतरलं होतं. बाबा वरच्या सुरावर गेले तेव्हा आत्याने मला कोपराने ढोसलं. शेवटच्या खांबाआड एक गृहस्थ उभे होते, कोटाची कॉलर वर केलेली, काखेत रिकामी बाटली. निळं झाकण.

आत्या त्यांच्यापाशी गेली.

"नमुना घ्यायला आलोय," झेबेल्यान सर घाईघाईने म्हणाले. "तुलनेसाठी."

"घ्या ना," आत्या म्हणाली आणि त्यांना रांगेत आपल्या पुढे उभं केलं. "पण काही खायच्या आधी, हं."