बिराजदार साहेब आणि यानाचे पंख

बिराजदार काकू पहिल्यांदा आमच्या घरी आल्या त्या हातात एक फुटाची स्टीलची पट्टी घेऊन. आम्ही मोशीत नुकतेच राहायला आलो होतो. दार उघडलं तर समोर साठी ओलांडलेल्या, चापूनचोपून साडी नेसलेल्या एक बाई.

"मी वरच्या मजल्यावरची," त्या म्हणाल्या. "तुमचा टीव्ही केवढाय?"

"पंचावन्न इंची."

"मग दहा मिनटं बसू द्या. माझा बत्तीसचा आहे. त्याच्यावर मिलिमीटर नीट कळंना गेलेत."

माझी बायको चहा घेऊन बाहेर आली तेव्हा काकू टीव्हीला नाक लावून उभ्या होत्या. पडद्यावर एक अंतराळयान थांबवून ठेवलं होतं आणि काकू त्याचा पंख मोजत होत्या.

"सव्वीस," त्या म्हणाल्या. "लिहून घे रे. जुन्याचा एकतीस होता, यानाची लांबी तेवढीच धरून. बघ, कापला का नाही? आणि हे मालिकावाले म्हणायलेत, आम्ही काही बदललंच नाही!"

मी लिहून घेतलं. चाकणच्या कंपनीत मी दिवसभर क्वालिटीचं काम करतो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेले भाग मोजतो. आता घरी येऊनही तेच सुरू झालं.

प्रकरण असं होतं. पूर्वी रविवारी सकाळी टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची. तिचं नाव मी सांगत नाही, कारण नुसतं नाव घेतलं तरी माणूस वादात ओढला जातो. त्या मालिकेतल्या यानाचं नाव ऑरेलिया. पुढे भोवऱ्यासारखं डोकं, मध्ये घागरीसारखं पोट आणि मागे तीन सरळ पंख. अलीकडे ही मालिका नव्याने आली आणि नव्या लोकांनी ऑरेलियाचं पोट आत घेतलं, पंख मागे वळवले. जगभर चाहत्यांची भांडणं लागली. त्यातलं एक मोशी आणि रहाटणी यांच्यात चालू होतं.

काकू मूळच्या उदगीरच्या. आयटीआय करून इकडे आल्या आणि आकुर्डीच्या एका कंपनीत तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून राहिल्या. ड्रॉइंग ऑफिसात बावीस पुरुष आणि एकट्या काकू. लग्न केलं नाही. दोन भावांना इथे आणून शिकवलं, ते आपापल्या संसाराला लागले. तेव्हा काकूंकडे टीव्ही नव्हता, रविवारी त्या खोलीमालकाच्या घरी जमिनीवर बसून ऑरेलिया बघायच्या.

"त्या यानात एक बाई होती," त्यांनी मला एकदा सांगितलं. "पुढ्यात ही एवढी ड्रॉइंग पसरलेली. आणि सगळे गडी गप उभे, बाई काय म्हणती म्हणून. सोमवारी ऑफिसात जाताना मला जरा बरं वाटायचं बघ."

काकूंचा एकच सिद्धांत. कुठल्याही ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजनचा चौकोन असतो. बदल केला की काय बदललं, कुणी बदललं आणि का बदललं, ते तिथे लिहायचं. काकू तो चौकोन जगाला लावतात. सोसायटीचं फाटक निळ्याचं हिरवं झालं तर त्या चेअरमनच्या दारात उभ्या, "कारण?" माझ्या बायकोने आमटीत गूळ कमी घातला, "रिव्हिजन झाली वाटतं. कारण?" मी मिशी काढली तेव्हा तर त्यांनी मला जिन्यात अडवलं. उकडतं, असं सांगून मी सुटलो. "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "बदलाला माझी ना नसती. कारण पाहिजे."

ऑरेलियाचे पंख का वळवले, हे कुणी सांगितलं नव्हतं. फोनवर आमच्या पट्ट्यातल्या चाहत्यांचा एक ग्रुप होता, चाळीसेक जणांचा. बहुतेक सगळी आयटीतली पोरं. त्यात काकू एस. व्ही. बिराजदार या नावाने रोज मोजमापांसकट लिहीत. आणि रोज त्यांना रशीदभाईंचं उत्तर येई.

रशीदभाईंचं रहाटणीला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. गाड्यांचे पोचे काढण्यात पस्तीस वर्षं गेलेली. ते नव्या ऑरेलियाच्या बाजूचे. "बिराजदार साहेब," ते लिहायचे, "जुनी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. पोट सुटलेलं. बॉडीला लाइन पाहिजे राव! नवीन पंख बघा, काय लाइन काढलीय."

काकू बाई आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं. काकूंनीही कधी सांगितलं नाही. "साहेब म्हणायलाय तर म्हणू दे की," त्या म्हणत. "तीस वर्षांत कुणी म्हणलं नाही."

तीन वर्षं हे चाललं. पोरं मजा बघत. काकू माझ्याकडे येऊन रशीदभाईंच्या नावाने बोटं मोडत, पण त्यांचं उत्तर दुपारपर्यंत आलं नाही तर दर दहा मिनिटांनी फोन बघत.

मग गेल्या वर्षी एका बुधवारी काकूंच्या हातून नको ते लिहिलं गेलं. पोटाच्या गोलाईवरून वाद पेटला होता. रशीदभाईंनी काकूंच्या आकडेमोडीला "शाळेतलं गणित" म्हटलं आणि काकूंनी सटकन लिहिलं, "पत्रा ठोकणाऱ्यांना डिझाइनमधलं काय कळतं?"

थोड्या वेळाने रशीदभाईंचं उत्तर आलं. "बरोबर आहे साहेब. पत्रा ठोकूनच पोट भरलं. सलाम."

त्यानंतर ते लिहायचेच थांबले.

पहिले दोन दिवस काकू म्हणाल्या, "रुसला असंल." चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच जुन्या ऑरेलियातली एक चूक काढून ग्रुपवर टाकली, रशीदभाईंनी टपली मारावी म्हणून. उत्तर आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे येऊन बसल्या, टीव्हीकडे बघितलंही नाही.

"माझाच बाप गवंडी होता नितीन," त्या म्हणाल्या. "लोकं त्याला विटा रचणारा म्हणायचे तर मला किती राग यायचा. आणि मी काय लिहून बसले?"

"माफी मागा ना काकू. ग्रुपवर लिहा."

"चाळीस लोकांपुढं बोलले, म्हणून चाळीस लोकांपुढं तर मागीनच. पण आधी तोंडावर मागायला पाहिजे. रविवारी सुट्टी आहे ना तुला?"

रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून रहाटणीला नेलं. पत्ता नव्हता. रशीदभाईंनी कधीतरी टाकलेल्या एका फोटोत मागे गॅरेजची पाटी दिसत होती, तेवढ्यावर विचारत विचारत सापडलं. शटर खाली होतं. शेजारच्या पंक्चरवाल्याने वर बोट दाखवलं.

वरच्या घराचं दार त्यांच्या बायकोने, शमीमभाभींनी उघडलं. काकूंनी धीर करून सांगितलं, "मी बिराजदार. त्यांच्या ग्रुपमधली. माझ्यावर रागावलेत ते."

भाभींनी त्यांना आत घेतलं. "रागवायला ते कुठं शुद्धीत होते बाई? मागच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी गॅरेज उघडताना पडले. लकवा मारला. परवा दवाखान्यातून आणलं."

आतल्या खोलीत रशीदभाई उशांना टेकून बसले होते. धिप्पाड माणूस, पण उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, तोंडाची एक बाजू उतरलेली. भाभी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या, "ये बिराजदार है!"

त्यांनी काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मान हलवून मला सलाम केला. मी काकूंकडे बोट दाखवलं. त्यांना कळायला जरा वेळ लागला.

"साहेब..." ते म्हणाले. "साहेब... बाई?"

आणि हसायला लागले. अर्ध्याच तोंडाने, पण सगळं अंग हलवून. भाभींनी पदर तोंडाला लावला. "दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसले," त्या म्हणाल्या. "बोलतसुद्धा नाहीत. डॉक्टर म्हणतात बोलायला लावा, पण हे तोंडच उघडत नाहीत. म्हणतात, शब्द वाकडा येतो, लाज वाटते."

काकू पलंगाजवळच्या खुर्चीवर बसल्या. आता माफी मागणार असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांनी पर्समधून वही काढली.

"चुकले मी, रशीदभाई," त्या म्हणाल्या. "ते झालं. पण पंख का वळवला ते अजून तुम्ही सांगितलेलं नाही. सांगा. मी लिहून घेते."

रशीदभाईंनी मान फिरवली. काकू पेन उघडून बसून राहिल्या. भाभींचा चहा आला, पिऊन झाला. मग रशीदभाई "ला..." म्हणाले. थांबले. "लाइन," म्हणाले. काकूंनी लिहिलं. तासाभरात पाच शब्द झाले.

तेव्हापासून दर रविवारी आमची रहाटणीची फेरी ठरली. रशीदभाई बोलत, काकू लिहीत आणि रशीदभाईंच्याच फोनवरून, त्यांच्याच नावाने ग्रुपवर टाकत. पोरांनी जल्लोष केला, रशीदभाई परत आले म्हणून. काकूंनी चाळीस जणांपुढे माफी मागितली. आणि सोमवारपासून त्या आपल्या फोनवरून रशीदभाईंना उत्तरं द्यायला लागल्या.

पण माझ्या लक्षात एक गोष्ट आली. रशीदभाई रविवारी बोलायचे सहा-सात शब्द आणि ग्रुपवर यायची पानभर बाजू. पंखावर उजेड कसा धावतो, वळणाने पत्रा कसा ताठ राहतो, सगळं मुद्देसूद. वाचून मलाच नवं यान आवडायला लागलं. उलट काकूंची उत्तरं मात्र दिवसेंदिवस लेचीपेची होत चालली होती.

"काकू," मी विचारलं, "हे एवढं सगळं ते बोलतात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "शब्द त्याचेच हायेत. मधलं जरा जोडून घेते. त्याला बोलता येईना म्हणून त्याची बाजू पडावी का?"

दोनेक महिने असंच चाललं. पोरांचं मत फिरलं, नव्या ऑरेलियाच्या बाजूने तीस जण झाले. काकू हरत होत्या आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या.

मग एका मंगळवारी सकाळी, मी कामावर निघताना, काकू जिना उतरून जवळजवळ धावतच आल्या. चष्मा डोक्यावर, फोन हातात.

"वाच," त्या म्हणाल्या.

रशीदभाईंच्या फोनवरून ग्रुपवर मेसेज आला होता. मंगळवारी. काकू तर इथे होत्या.

"बिराजदार साहेब चुक," त्यात लिहिलं होतं. "मी असं बोललो नाय. पंख उजेडासाठि नाय. हात फीरवला तर कुठ आडकत नाय म्हनून. लिहायच तर निट लिहा. डाव्या हातानी टायप केल."

खाली पोरांचे गोंधळलेले मेसेज. "रशीदभाई, पण हे तुम्हीच लिहिलं होतं ना?" "कोण कुणाला चूक म्हणतंय?"

मी मान वर केली. काकूंचे डोळे भरले होते आणि चेहरा रागाने लाल झाला होता, दोन्ही एकदमच.

"बघितलास? दोन महिने त्याची बाजू लढवली, आणि मलाच नीट लिहा म्हणायलाय!" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून उत्तर लिहायला सुरुवात केली.

"आता सोडत नाही त्याला," त्या म्हणाल्या.