सहा पंख, सहा पंखं

विठाबाईनं तोंड बंद ठेवायचं ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

विठाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तिची नात अंतरा त्याच शाळेत दुसरीत, आणि 'बुलबुल'. म्हणजे स्काऊटातल्या बारक्या पोरी. रविवारी सहा बुलबुल एक पायरी वर चढणार होत्या, त्यांना बिल्ले मिळणार होते. आपला बिल्ला आजीनंच टाचायचा, असा अंतराचा हट्ट.

मुख्याध्यापिका अवंतिका मॅडम म्हणाल्या, "टाचा की. पण कार्यक्रम संपेपर्यंत तुमचा आवाज ऐकू येता कामा नये."

(मागच्या गॅदरिंगला भाषण लांबलं, तेव्हा विठाबाईनं माइक नसताना प्रमुख पाहुण्यांना सुनावलं होतं, "पावणं, आवरा की आता, भात गार व्हायलाय!" खोटं काय बोलली? भात खरंच गार झाला होता.)

घरी तिनं ही अट नवऱ्याला सांगितली. आण्णांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "अट घरातबी लागू हाय?"

"न्हाय."

आण्णांनी टीव्ही पुन्हा मोठा केला.

शनिवारी बुलबुलांचे दत्तप्रसाद सर घाईघाईत स्वयंपाकखोलीत डोकावले. "मावशी, उद्या सहा पंख लावायचेत. तयारी तुमच्याकडं. मी माइकवर सांगितलं की लगेच लावायचे!" आणि पळाले.

एरवी विठाबाईनं त्यांना दारात अडवून दहा प्रश्न विचारले असते. पण अट पडली. आता तिच्या बोलीत एक असतो तो पंखा आणि सहा असतात ती पंखं. मार्चचं ऊन, हॉलला पत्रा, पालक घामाघूम होणार. मास्तर शहाणा हाय, एवढंच ती मनात म्हणाली.

एक पंखा घरचा. बाकीचे पाच तिनं गल्लीतून गोळा केले, तेही न बोलता, नुसतं बोट दाखवून. धोंडुबाईचा तर तिच्या अंगावर वारं घालत असतानाच उचलला. चंदनाकाकूंना वाटलं, बाईचा घसा बसला. त्यांनी पंखा दिला आणि वर हळदीचं दूधही पाजलं.

रविवारी सहाही पंखं स्टेजच्या कडेला टेबलावर, चादरीखाली. सरांना वाटलं, खाऊ असेल. खाली त्यांनी गंमत मांडली होती. जमिनीवर पिठाची रुंद नदी. पोरींनी तिच्यावरून उडी मारायची, मग दोन बाकांवर टाकलेल्या साडीच्या घरट्यातून रांगत बाहेर यायचं आणि बिल्ला घ्यायचा.

पाच बुलबुल बाहेर आल्या, अंतरा अजून घरट्यातच. सरांनी माइक धरला, "चला, आता लावा पंख!"

विठाबाईनं चादर ओढली आणि बटणापाशी बसलेल्या ज्ञानू शिपायाला मान हलवली.

सहा पंखं एकदम घरघरली. पिठाची नदी उठली आणि पालकांच्या अंगावर गेली. अवंतिका मॅडम बघता बघता पांढऱ्याफेक झाल्या. बुलबुल हात पसरून नाचायला लागल्या, "उडालो! उडालो!" पालकांनी टाळ्या वाजवल्या. सर माइकमध्ये ओरडत होते, "पंखे नव्हे हो! पंख! कोमल पंख! बिल्ल्याचं नाव आहे ते!" पण त्या घरघरीत कुणाला ऐकू येणार?

तेवढ्यात घरट्याची साडी सुटली आणि तिचा पदर पंख्याकडं निघाला. आत अंतरा.

बिल्ला गेला तर गेला. विठाबाईनं छाती भरून हाळी दिली, "ज्ञानू! मेन स्विच पाड, मुडद्या!"

मेन पडला. बाहेर रस्त्यावरची रिक्षासुद्धा थांबली म्हणतात.

अंतरा साडीतून बाहेर आली, पिठानं माखलेली, खुदुखुदु हसत. विठाबाई मान खाली घालून मॅडमपुढं उभी राहिली. "बोललो मी. ऐकलं सगळ्यांनी."

मॅडमनी चष्मा पुसला. "माझ्या कानात पीठ गेलंय, विठाबाई. मला काही ऐकू आलं नाही. टाचा बिल्ला."

विठाबाई अंतरापुढं बसली. पिन तीनदा चुकली, तीनदा स्वतःच्याच बोटात गेली. चौथ्यांदा बसली. सरांकडं एक बिल्ला जादा होता. अंतरानं तो मागून घेतला आणि आजीच्या पदरावर टाचला. सर पीठ झटकत मोठ्यानं म्हणाले, "आजपासून विठाबाई मावशीही कोमल!"

मागच्या रांगेतून आण्णा उठले, जवळ आले, बिल्ला नीट निरखून पाहिला.

"तीस वर्षं हिच्यात कोमल कायतरी हुडकालोय," ते म्हणाले, "आज घावलं. तेबी टाचणीनं लावायला लागलं."