काशिरामशेठची अधिकृत प्रत

ओवे गावचे काशिरामशेठ एके दिवशी कळंबोलीच्या मानस-जतन केंद्रात आपले मन संगणकावर चढवून आले, त्याला तसे कारण काही नव्हते. प्रकृती ठणठणीत होती आणि जेवण दोन माणसांचे होते. पण जमिनींना भाव आल्यापासून आजूबाजूला प्रत्येकाकडे बंगला, मोठी गाडी आणि एक जतन केलेला म्हातारा असा संच झाला होता, आणि मुलगा कल्पेश याला चारचौघांत मान खाली घालावी लागत होती.

"बाबा, बॉडीचा काय भरवसा? मन एकदा वर चढलं की कायमचं," तो म्हणाला.

कायमचे म्हटल्यावर काशिरामशेठना पटले. एवढा चांगला स्वभाव आपल्यामागे वाया जाणार, ही खंत त्यांना होतीच.

अडचण एवढीच झाली, की आदल्या दिवशी धाकटा भाऊ तुळशीराम याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स नाक्यावर लागला होता आणि त्यात काशिरामशेठचा फोटो तिसऱ्या ओळीत, मोबाईलच्या दुकानदाराशेजारी आला होता. सख्ख्या मोठ्या भावाचा! "तुळशा ज्या मांडवान असंल, त्या मांडवान मी पाय ठेवनार नाय," असे जाहीर करून ते न जेवता झोपले.

सकाळी पत्नी ठमाबाई कल्पेशला म्हणाल्या, "आज नको न्हेव त्यांना. आज डोकं फिरलंय त्यांचं." पण नंबर मुश्किलीने लागला होता, आणि रुसवा ही सबब केंद्राच्या नियमांत बसत नव्हती. काशिरामशेठनी तिथे लिहूनही दिले, की यापुढे माझ्या मतात बदल झाल्यास तो वय झाल्यामुळे झाला असे समजावे व संगणकातील मत अंतिम धरावे. मग त्यांची प्रत घरी दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी स्थानापन्न झाली.

आठवड्याने तुळशीराम भले मोठे जिताडे घेऊन आला. एवढा मासा दारात आल्यावर राग धरण्याची या भागात पद्धत नाही. दोघे भाऊ मांडीला मांडी लावून बसले, कालवण भुरकले आणि रुसवा मिटला. काशिरामशेठ तृप्त होऊन हात धुवायला उठले, तेवढ्यात स्क्रीनवरून त्यांचाच आवाज आला, "कुनाला इचारून बसवला त्याला? मी अजून जेवलो नाय!"

पहिल्यांदा सगळे हसले. पण हळूहळू घराला प्रतच आवडू लागली. काशिरामशेठ आज एक बोलत, उद्या दुसरे, शिवाय घोरत. प्रतीचे तसे नव्हते. "माणूस असावा तर असा, शब्दाला पक्का," असे पाहुणे म्हणत आणि तिच्यासोबत फोटो काढून घेत.

मग कल्पेशच्या मुलीचे, अंकिताचे लग्न ठरले.

"तुळशा हळदीला आला तं मी उठून जाईन," प्रत म्हणाली. ती उठून नेमकी कुठे जाणार, हे विचारण्याची कोणाची छाती झाली नाही. कल्पेशने काकाचे आमंत्रण रद्द केले. अंकिताने डोळे पुसले आणि सांगितले, "दोन्ही आजोबांनी हळद लावल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही. कॅन्सल करा सगळं."

काशिरामशेठ पुढे झाले. "आरं, माजा राग कवाच गेला! मी आनतो तुळशाला."

"बाबा, तुम्ही मध्ये पडू नका," कल्पेश म्हणाला. "बाबांनी नाही म्हणून सांगितलंय."

अंकिताच्या स्कूटरवर मागे बसून काशिरामशेठ केंद्रात गेले. तिथल्या अधिकारी वसुंधरा मॅडमनी स्क्रीनकडे पाहिले.

"काशिराम आमच्याकडे आहेत. आपण त्यांचं शरीर."

"बरं, शरीर तं शरीर. पन माजा राग गेला, त्याच्यातला बी काडून टाका."

"तसा हात घालता येत नाही. नैतिकतेचा प्रश्न आहे. उद्या उठून कोणीही बापाच्या मनातलं नको ते काढून टाकील. मतपरिवर्तन मूळ प्रतीच्या राजीखुशीनेच होतं."

"मूळ तं मी हाय!"

"होतात. नंतर तुम्ही बदललात."

"मंग आता करू काय?"

"समजूत काढा त्यांची. घरची माणसं काढतात तशी." मॅडमनी केंद्रातल्या स्क्रीनवर प्रत लावून दिली.

काशिरामशेठनी उभ्या आयुष्यात कोणाची समजूत काढली नव्हती. ते खाते ठमाबाईंकडे होते. ते खुर्ची ओढून स्वतःसमोर बसले. आधी गोड बोलले, मग आईची शपथ घातली. शेवटी अंकिताचे नाव काढले.

"नात रडतंय रं आपली. जरा नमतं घे."

"फोटो तिसऱ्या ओलीन होता," प्रत म्हणाली.

"तुळशानं जिताडं आनलं व्हतं. माफी बी मागली."

"तिसऱ्या ओलीन. मोबाईलवाल्याच्या बाजूला."

अखेर काशिरामशेठ ताडकन उठले. "एवडा आडमुठा मानूस मी जन्मान पायला नाय! तू ज्या खोलीन असशील, तिथं मी पाय ठेवनार नाय!" असे ओरडून ते बाहेर पडले. मॅडमनी समाधानाने शेरा मारला: शरीर व प्रत यांचा स्वभाव तंतोतंत जुळतो, तक्रार निकाली.

बाहेर ते पायरीवर बसले. त्यांना मनापासून लाज वाटत होती. "तुज्या आजीनं या मानसाबरोबर जलम काडला, पोरी," ते अंकिताला म्हणाले. "चल, मना तुळशाकडं ने."

हळदीच्या दिवशी कल्पेशच्या मांडवात डीजे होता, मटण होते आणि पहिल्या खुर्चीवर शाल पांघरलेली प्रत होती. झाडून सगळे गाव तिच्या पाया पडून जेवायला बसले. नवरी कुठे आहे, हे फारसे कोणी विचारले नाही. नवरी तुळशीरामच्या अंगणात पाटावर बसली होती आणि ठमाबाई व दोघे म्हातारे तिला हळद लावत होते. काशिरामशेठ रडत होते आणि हळदीच्या हाताने डोळे पुसल्यामुळे आणखी रडत होते.

शरीर आणि प्रत जुळत नाहीत, अशी कल्पेशने केंद्राकडे तक्रार केली. रीतसर चौकशी होऊन प्रत निर्दोष ठरली. दोष शरीरात निघाला: त्याने मत बदलले होते. तालुक्यातल्या इतर जतन झालेल्या मंडळींची शरीरे तपासली, तेव्हा त्यांच्यात आणि प्रतींत तसूभरही फरक सापडला नाही.

तरीही खबरदारी म्हणून नाव नोंदवायला येणाऱ्याला मॅडम हल्ली एक प्रश्न विचारतात: गेल्या दहा वर्षांत आपण कोणत्या गोष्टीवरचे मत बदलले? एक जरी सांगता आली, तर नाव घेत नाहीत. आजवर कोणालाही परत पाठवावे लागलेले नाही. आपणही निर्धास्तपणे जावे.