शनिवारचं वाचन आणि एक बादली

आमच्या सासरच्या मंडळींना वाचनाची गोडी कोणी लावली असेल, तर ती मी! दर शनिवारी सकाळी चहाबरोबर मी घरच्या ग्रुपवर चार लेख टाकतो. एक श्रद्धेवर, एक संस्कृतीवर, एक कवितेवर, एक फोटोग्राफीवर. वर लिहितो, 'सवडीने जरूर वाचा, मनाला भिडतील.' मेहुणी मला विद्वान म्हणते. ते लेख मी स्वतः वाचतो का, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं आणि आपण होऊन सांगण्याइतका मी भोळा नाही. मथळा वजनदार दिसला की द्यायचा पुढे ढकलून.

त्या शनिवारी जेवून जरा आडवा होतोय, तोच सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, हे बोलत नाहीयेत."

माझे सासरे निवृत्त मुख्याध्यापक. चुकून लागलेला फोनसुद्धा ते समोरच्याची चौकशी केल्याशिवाय ठेवत नाहीत. बायकोला स्कूटरवर घेतलं आणि निघालो.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या सांगू लागल्या, सकाळपासून यांच्या तोंडातून शब्द नाही. स्वतःची खुर्ची ओळखेनात, स्वयंपाकघरात सासूबाईंच्या स्टुलावर जाऊन बसले. मग कागद घेतला आणि डाव्या हातानं काहीतरी लिहायला लागले. या माणसानं जन्मात डाव्या हातात खडू धरला नव्हता! आणि आता तेच स्टूल बाथरूमसमोर टाकून ते एका बादलीकडे बघत बसले होते. लाल बादली, एक कान तुटलेला.

मला ओळखलंत का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बादलीत लक्ष घातलं. कागदावर नुसते कोंबडीचे पाय. बायको रडायला लागली. मला पक्षाघाताशिवाय दुसरं काही सुचेना. माझा या माणसावर फार जीव आहे, आणि परवाच त्यांचा फोन मी कंटाळून उचलला नव्हता, हे नेमकं तेव्हाच आठवलं.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले. हात वर करा म्हणाले, सासऱ्यांनी केले. जीभ दाखवा म्हणाले, दाखवली. हसायला सांगितलं, तर असे काही हसले की सासूबाई आणखीच घाबरल्या. मग ते सारखं मोबाइलकडे बोट दाखवू लागले. मला वाटलं, मृत्युपत्रासाठी वकिलाला बोलवायचं असणार.

"आधी अॅम्ब्युलन्स बोलवा!" मी म्हणालो.

बायकोनं मात्र तो मोबाइल उघडला. तिचं रडणं थांबलं. मग ती एकेक वाचू लागली. श्रद्धेच्या लेखात होतं, एक दिवस मौन पाळा. संस्कृतीच्या लेखात, घरातली आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागी बसून बघा. कवितेच्या लेखात, सवयीचा हात सोडून दुसऱ्या हातानं लिहा. आणि फोटोग्राफीच्या लेखात, कॅमेरा उचलण्याआधी एकाच वस्तूकडे निवांत बघत राहा. शिवाय ग्रुपबाहेर सासऱ्यांनी सकाळी फक्त मला पाठवलेला निरोप होता, 'चारही प्रयोग आजच करतो. मौन आत्तापासून. हिला फोन करून सांगून ठेवा.'

आणि त्याखाली माझा अंगठा!

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढून खिशात कोंबली.

"तू हे लेख वाचले नव्हतेस?" बायकोनं विचारलं.

"वाचले ना," मी म्हणालो. "घाबरल्यामुळे डोक्यात आलं नाही."

तेव्हा सासऱ्यांनी मौन सोडलं.

"मग जावईबापू, चारांतला कोणता आवडला?"

त्यांचा आवाज ऐकून मला इतकं हायसं वाटलं की मी बेसावध झालो.

"बादलीचा," मी म्हणालो. "बादलीवर फारच सुंदर लिहिलंय."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

"लेखात खिडकी आहे," ते म्हणाले. "बादली आपल्या घरची."