सडी की लग्नाची

चाळीस वर्षं मी शब्दांवर पोट भरलं आणि या चाळीस वर्षांत माझ्या एकाही शब्दाचा कुणी चुकीचा अर्थ काढला नाही. असं छातीवर हात ठेवून सांगणारा लेखक अख्ख्या सिसिलीत दुसरा सापडायचा नाही. आमचं विनोदी साप्ताहिक फारसं कुणी वाचत नव्हतं, हा त्यातला एक भाग झाला.

पण सवय ती सवय. निवृत्त झाल्यावर मी चार वर्षं खपून एक वाक्य तयार केलं. बावीस शब्दांचं. ते निन्फाला म्हणायचं होतं. मी विधुर, तिनं लग्न केलेलं नाही, दोघांची दारं एकाच जिन्यावर समोरासमोर, आणि एकमेकांचा खोकला आम्ही भिंतीपलीकडून ओळखतो. वाक्य कशाबद्दल होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. चार वर्षं लागली, कारण सुरुवातीला ते साठ शब्दांचं होतं.

निन्फा शाळेतली नोकरी सुटल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, परदेशी पाहुण्यांना पालेर्मोतल्या बल्लारोच्या बाजारातून खात खात हिंडवते. निळी छत्री उंच धरून ती पुढे, पाहुणे तिच्या मागे. चार ठिकाणी खायचं, मधल्या वेळात कुठल्या राजानं कुणाला हाकललं ते ऐकायचं. त्या गुरुवारी तिनं मला शेपटाला चालायला बोलावलं. आदल्या आठवड्यात तिचा एक बेल्जियन हरवला होता. तो दुपारी एका न्हाव्याकडे सापडला, दाढी गुळगुळीत, परत यायला नाखूश.

मी लगेच हो म्हणालो. शेवटचा मुक्काम चर्चसमोरच्या मिठाईवाल्याकडे असतो, तिथे सगळ्यांना कसाता मिळतो. गोड रिकोटाचा तो केक एकदा तोंडात गेला की माणसाला पटकन 'नाही' म्हणता येत नाही. बावीस शब्द त्याच क्षणी टाकायचे, अशी माझी योजना होती.

पाहुणे आठ होते, सगळे नॉर्वेचे. सात जण मेंढरांसारखे सरळ चालत. आठव्या तोरुनबाई. त्यांच्याकडे एक वही होती आणि त्यांना प्रत्येक गोष्टीचं नाव लिहून हवं होतं. पहिल्याच मुक्कामाला त्या मागे राहिल्या आणि एका तलवारमाशाच्या मुंडक्यासमोर उभ्या राहून त्याचं चित्र काढू लागल्या. मी त्यांना आणायला गेलो. इथेच घात झाला. मी पाच मिनिटं तिथे नव्हतो. त्या पाच मिनिटांत काय घडलं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. त्या बाजारात निदान एकाला तरी खरं माहीत असलेलं बरं.

पहिला मुक्काम म्हणजे तानोची गाडी. तानो वासराची प्लीहा चरबीत परततो, तीळ लावलेल्या गोल पावात भरतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, "सडी की लग्नाची?" नुसतं लिंबू पिळलेली ती सडी. वर चीज घातलं की लग्नाची. आमच्याकडे बिशपसुद्धा असंच मागतो. निन्फा गेली अकरा वर्षं सडी खात होती, कारण तिच्या रक्तात चरबी जास्त आणि डॉक्टरांचा चीजवर पहारा. आदल्याच दिवशी तिचा रक्ताचा रिपोर्ट चांगला आला होता. म्हणून तिनं तानोला सांगितलं, आजपासून लग्नाची दे, डॉक्टर हो म्हणाले.

अकरा वर्षं तानोला हे सडेपण सलत होतं. तो चिमटा वर करून समोरच्या ऑलिव्हवाल्या क्रोचिफिस्सामावशीला ओरडला, "मावशी, निन्फाची आता लग्नाची! डॉक्टर हो म्हणाले!"

बल्लारोच्या गोंगाटात त्यातलं एक 'ची' कुठल्या कुठे उडून गेलं. मावशीच्या कानावर पडलं ते एवढंच: निन्फा आता लग्नाची, डॉक्टर हो म्हणाले.

मावशीनं ऑलिव्हची डाव पिंपात टाकली आणि गल्ला शेजारणीकडे सोपवून ती निघाली.

मी तोरुनबाईंना घेऊन परत आलो तेव्हा तानोच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं धूर. आम्ही दुसऱ्या मुक्कामाकडे चालू लागलो. आमचा वेग म्हणजे निन्फा दर वीस पावलांना एका राजापाशी थांबायची. बातमीला राजांशी काही घेणं नव्हतं. ती आमच्या आधी पोचली.

दुसरा मुक्काम मेलीनाबाईंचं दुकान. तिथे अरांचीना मिळते, तळलेल्या भाताचा नारिंगी गोळा. मेलीनाबाई काउंटरच्या बाहेर आल्या आणि त्यांनी निन्फाच्या दोन्ही गालांचा मुका घेतला.

"शेवटी झालं म्हणे एकदाचं," त्या म्हणाल्या.

"झालं बाई. कालच कागद हातात आला."

"कागदसुद्धा झाले? आणि आम्हाला पत्ता नाही. किती वर्षं थांबलीस गं."

"अकरा. पण डॉक्टरांनी नियम घालून दिलाय. आठवड्यातून एकदाच."

मेलीनाबाईंच्या हातातला झारा हवेत तसाच थांबला. "आणि बाकीचे सहा दिवस?"

"बाकीचे सहा दिवस भाजीपाला," निन्फा म्हणाली, आणि पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत भाताचा इतिहास सांगू लागली.

मी दारात उभा होतो, आणि शेजारच्या गिऱ्हाइकानं निन्फाच्या लग्नाची बातमी तेवढ्यात माझ्या कानात घातली होती. माझ्या बावीस शब्दांपैकी एकही त्या वेळी मला आठवत नव्हता. मेलीनाबाईंनी मला बाजूला ओढून सगळा हिशोब समजावला. नवरा डॉक्टर आहे. आठवड्यातून एकदाच येणार, म्हणजे गावातला नव्हे. तीन तासांवरचा असणार. तीन तासांवर काय आहे? कातानिया. एवढं बोलून त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. कातानियात अरांचीनाला पुरुषाचं नाव देतात आणि तिच्या डोक्यावर टोक काढतात. अशा घरात आमची निन्फा पडणार होती.

दुःखात अन्न गोड लागत नाही म्हणतात. मी तीन अरांचीना खाल्ल्या. गोड लागल्या नाहीत हे खरं, त्या मटणाच्या होत्या.

पुढच्या गल्लीत क्रोचिफिस्सामावशीनं मला गाठलं. माझ्या वाक्याबद्दल मी कुणाला एका शब्दानं बोललो नव्हतो, त्यामुळे ते अर्थातच सगळ्या बाजाराला माहीत होतं.

"डॉन गास्पारे," मावशी म्हणाली (आमच्याकडे डॉन म्हणजे नुसतं 'राव'), "तुम्ही चार वर्षं शब्द जुळवत बसलात. तो नाडी बघायला आला आणि हातच घेऊन गेला."

मी म्हणालो, निन्फा सुखी असेल तर मीही सुखी आहे. मावशी म्हणाली, तोंडावरून तसं दिसत नाही, आणि माझ्या हातावर चार ऑलिव्ह ठेवले. आजारी माणसाला ठेवतात तसे.

तिसऱ्या मुक्कामाला हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या होत्या. वडीवाल्यानं वड्या दिल्या आणि वर प्रत्येक पाहुण्याच्या हातात जाळीच्या कापडात बांधलेले पांढरे साखरबदाम ठेवले. आमच्याकडे ते लग्नात वाटतात. निन्फानं विचारलं, कुणाचं लग्न आहे? वडीवाला हसून हसून लाल झाला आणि सगळ्यांना सांगू लागला की बघा, या वयातही कशी लाजते. निन्फानं खांदे उडवले. तोरुनबाईंनी वहीत लिहून घेतलं की पालेर्मोत वड्यांनंतर बदाम खातात. आठही जणांनी बदाम आवडीनं खाल्ले आणि वर लिंबाचं सरबत प्यायलं. अकरा वर्षांतली ही सर्वांत चांगली सहल आहे असं निन्फाला वाटत होतं. तिनं मला तसं सांगितलंही.

"डॉन गास्पारे, लोक आज किती प्रेमानं वागताहेत, पाहिलंत? एका साध्या कागदाचं केवढं कौतुक!"

साधा कागद. ज्या गोष्टीसाठी मी चार वर्षं झिजलो तिला ही बाई साधा कागद म्हणत होती. मी म्हणालो, हो, लोक फार प्रेमळ आहेत.

चर्चसमोर पोचलो तेव्हा आम्ही दहा जण राहिलो नव्हतो. मागे मेलीनाबाई होत्या, मावशी होती, वडीवाला होता, गाडी झाकून चिमट्यासकट आलेला तानो होता आणि आणखी पंधरावीस माणसं होती. लग्नाचं जेवण नाही तर निदान कसाता तरी, असा त्यांचा रास्त विचार असावा. नॉर्वेच्या लोकांना वाटलं हे सगळं तिकिटात आहे.

कसाता आला. निन्फानं पहिला मोठा घास तोंडात घातला. हाच तो क्षण. चार वर्षं ज्याची वाट पाहिली तो. फक्त आता विचारायचं काही उरलं नव्हतं. पण चाळीस वर्षं लिहिलेला माणूस गप्प बसून हरत नाही. मी उभा राहिलो आणि ठरवलं, हरायचंच तर भाषण करून.

मी म्हणालो, "निन्फा, आज मी तुला एक प्रश्न विचारणार होतो. बावीस शब्दांचा. उरलेलं आयुष्य माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसशील का, असा. आता त्याची गरज नाही. तुझे डॉक्टर नशीबवान आहेत. कातानियाचे असले तरी. आठवड्यातून एकदा तर एकदा, पण त्यांनी तुला जपावं. बाकीचे सहा दिवस भाजी मी आणून देत जाईन."

मेलीनाबाईंनी पदर नसल्यामुळे ॲप्रनला डोळे पुसले. निन्फाचे डोळे मोठे झाले होते, पण तोंडात कसाता. ती चावत राहिली. तो फार लांबलेला घास होता. सगळा चौक तिच्या गळ्याकडे बघत होता.

शेवटी तिनं गिळला. "कुठले डॉक्टर?"

"तुमचे," मावशी म्हणाली. "ज्यांच्याशी तुमचं लग्न झालंय ते."

"माझे डॉक्टर ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी मला चीज खायची परवानगी दिली."

मग सगळे हळूहळू तानोकडे वळले. तानो चिमट्याकडे बघत होता. "मी पावाबद्दल ओरडलो होतो," तो म्हणाला. "प्लीहा लग्नाची. निन्फाची."

वडीवाल्यानं पाहुण्यांच्या हातांकडे नजर टाकली, पण बदाम केव्हाच पोटात गेले होते. मावशी म्हणाली, मला आधीपासूनच शंका होती. बातमी तिनंच पसरवली होती, याची कुणी तिला आठवण करून दिली नाही. सगळ्यांनाच आधीपासून शंका होती असं आता निघालं. मेलीनाबाईंना तर आठवड्यातून एकदा हे सुरुवातीलाच खटकलं होतं.

मी अजून उभाच होतो. बसावं की पळावं हे ठरत नव्हतं. डॉक्टर नाहीसे झाले होते, कातानिया नाहीसं झालं होतं, आणि मधोमध माझा प्रश्न तेवढा उघडा पडला होता. हे सर्वांत आधी अर्थातच मावशीच्या लक्षात आलं.

"ते सगळं राहू दे," ती म्हणाली. "या माणसानं काहीतरी विचारलंय ना?"

मिठाईवाल्यानं कॉफीचं यंत्र बंद केलं. निन्फानं रुमालानं ओठ टिपले, रुमालाची घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं. मी ती नजर चार वर्षं कल्पनेत पाहिली होती, पण कल्पनेत तिच्या मागे पंचवीस माणसं नसायची.

तेवढ्यात तोरुनबाईंनी वर्गात करतात तसा हात वर केला. त्या बऱ्याच वेळापासून या पायावरून त्या पायावर होत होत्या. निन्फानं त्यांच्यापाशी वाकून त्यांचं हळू आवाजातलं इंग्रजी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि माझ्याकडे वळली.

"अहो," ती म्हणाली. 'डॉन गास्पारे' नाही, नुसतंच 'अहो'. "या बाईंना जरा बाथरूम दाखवून आणता का?"