आज्ञाधारक अस्वल आणि मी

मुलांना पुस्तक कसं वाचायला शिकवावं हे या जगात फक्त मलाच कळतं, असं मी म्हणणार नाही. गेल्या महिन्यापर्यंत मात्र म्हणत होतो, आणि तेही चारचौघांत!

माझं चष्म्याचं दुकान आहे. गेली बावीस वर्षं लोकांना जवळचं वाचता यावं म्हणून मी झटतोय. मग वाचनातलं मला नाही कळणार तर काय न्हाव्याला कळणार?

आमची ही वाचनालयात बालविभाग सांभाळते. सांभाळते कसली, तिनेच तो उभा केलाय! चार वर्षांपूर्वी तिथे मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता. तिने तो हलवला, कपाटं स्वतः पिवळी रंगवली, आमच्या घरातल्या जुन्या पडद्यांच्या उशा शिवून टाकल्या. आणि आता वाचनालयाच्या अध्यक्षांच्या मनात आलं होतं की मुलं तिथे नुसता दंगा घालतात, वाचत काही नाहीत, तेव्हा विभाग बंद करून खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवावेत. शनिवारी चार वाजता ते स्वतः येऊन बघणार होते आणि तिथल्या तिथे निकाल देणार होते. बायको दोन दिवस धड जेवली नव्हती. मला ते बघवेना.

"तू मुलांकडून काय करून घेणार आहेस?" मी विचारलं.

"एकेकजण गोष्ट सांगेल आणि शेवटी तात्पर्य."

"तात्पर्य!" मी उसळलोच. "अगं, तात्पर्य म्हणजे दुसऱ्याने चावून भरवलेला घास! मुलांनी पुस्तकाशी भांडलं पाहिजे! खोलात शिरलं पाहिजे! सोड ते माझ्यावर."

"अहो, तुम्ही शेवटचं पुस्तक कधी वाचलंत?"

"विषय मुलांचा चाललाय, माझा नाही," मी म्हणालो.

सोमवारी संध्याकाळी मी बालविभागात दाखल झालो. समोर पंधरा मुलं. त्यांत पुढे बसलेली टिकली, वय वर्षं सात, उंची माझ्या काउंटरइतकीसुद्धा नाही. तिच्या शेजारी ढापण्या. त्याचा चष्मा मीच केलेला. मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. कोण चुकलं? कशावरून? तू असतास तर काय केलं असतंस?

"कुठलंही पुस्तक वाचा आणि हे तीन प्रश्न विचारा," मी सांगितलं. "समोर कोणीही असो, घाबरायचं नाही!"

हे शेवटचं वाक्य बोललो नसतो तर फार बरं झालं असतं. मंगळवारी सकाळी टिकलीची आई दुकानात हजर! ती शिवणकाम करते. कात्री हातातच होती.

"काल मी पोरीला म्हटलं, आंघोळीला चल, तू मळलीयेस. तर म्हणते, कशावरून?"

मी तिला चष्म्याचं कापड फुकट दिलं. ती जाते न जाते तोच ढापण्याचे वडील आले. पोस्टमन, सायकल दुकानाच्या पायरीवरच टेकवलेली. "माझं शेजाऱ्याशी भांडण चाललं होतं हो. हा मधे उभा राहून विचारतो, बाबा, तुम्ही शेजारी असतात तर काय केलं असतंत? शेवटी मीच माफी मागितली!"

"बघा, मुलगा खोलात शिरलाय!" मी म्हणालो.

"खोलात मी शिरलोय," ते म्हणाले आणि घंटी वाजवत निघून गेले.

मी मात्र हवेत होतो. त्याच तारेत मला एक नामी युक्ती सुचली. आमचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत, अजूनही बोलताना माणसाच्या तोंडात बघतात. त्यांनी अठरा वर्षांपूर्वी मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं होतं, 'आज्ञाधारक अस्वल'. वाचनालयात त्याच्या पंधरा प्रती, पंधराही कोऱ्या करकरीत! मुलांनी त्याच पुस्तकावर चर्चा केली तर म्हातारा विरघळणार नाही का? मी प्रती झटकल्या आणि वाटून टाकल्या.

"तुम्ही वाचलंत ना आधी?" बायकोने विचारलं.

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

खरं सांगायचं तर मी मुखपृष्ठ पाहिलं होतं. नदी, पाण्यात गटांगळ्या खाणारा ससा, काठावर एक पाय उचललेलं अस्वल. आता पुढे काय होणार हे कळायला पुस्तक कशाला उघडायला हवं?

शनिवारी ठोक चारला अध्यक्ष आले. पंधरा मुलांच्या हातांत स्वतःचं पुस्तक पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की मी बायकोला डोळा मारला. तिने किल्ल्यांचा जुडगा घट्ट धरला होता.

"आधी तुम्ही बोला," अध्यक्ष मला म्हणाले. "काय आवडलं तुम्हाला?"

मी छातीवर हात ठेवला. "साहेब, तो नदीचा प्रसंग! ससा बुडतोय आणि आपलं अस्वल जिवाची पर्वा न करता धाडकन उडी मारतं! मी ढसाढसा रडलो, साहेब!"

ढापण्याने बोट वर केलं.

"काका, अस्वल उडी मारत नाही."

"मारतं रे, बाळा."

"नाही मारत. पान अकरा. आईने सांगितलेलं असतं, पाण्यात उतरायचं नाही. ते काठावर उभं राहतं. एक पाय वर."

"अहो," बायको माझ्या कानाशी पुटपुटली, "तुम्ही वाचलंच नाहीत?"

"बाहेरून वाचलं!"

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," ती म्हणाली. पुढचा पाषाण मीच होतो.

अध्यक्ष माझ्या दातांकडे बघत होते, पण उपटायच्या नजरेने. आता माझं काही का होईना, तिची चार वर्षं मी पाण्यात घालवली! तेवढ्यात टिकली उठली.

"आजोबा, ससा ओंडका धरून बाहेर आला. मग अस्वलाच्या आईने अस्वलाला मध का दिला?"

"त्याने आज्ञा पाळली म्हणून."

"आणि सशाला काय दिलं?"

"सशाला..." अध्यक्षांनी पानं चाळली. "सशाला काही नाही."

"पण मित्र बुडत होता. अस्वल चुकलं ना? का अस्वलाची आई चुकली?" टिकली थांबली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "का तुम्ही?"

मी डोळे मिटून घेतले! उघडले तर अध्यक्ष मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले होते, गुडघे हनुवटीशी. ढापण्या म्हणत होता, अस्वलाला पोहता येत नसेल. कोणी म्हणालं, आईला हाक मारायची. दुसरं म्हणालं, आई येईपर्यंत ससा खलास! सगळे एकदम ओरडत होते. अध्यक्ष तर सर्वांत मोठ्याने.

"फांदी टाकायची!" टिकली म्हणाली. "काठावरूनच. म्हणजे पाण्यात उतरायचं नाही आणि ससा पण वाचतो."

"फांदी!" अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. "अठरा वर्षं झाली, मला सुचली नाही! पेन्सिल आणा!"

सहा वाजेपर्यंत त्यांनी पंधराही प्रतींत पान अकरावर स्वतःच्या हाताने फांदी लिहिली. मग मोठ्या कष्टाने खुर्चीतून उठून बायकोसमोर उभे राहिले.

"बाई, माझं पुस्तक आजवर कोणी वाचलंच नव्हतं हो," ते म्हणाले. "हा विभाग बंद होणार नाही. गठ्ठे मी माझ्या घरी नेतो."

बायको रडायला लागली. मीही रडलो, आणि या वेळी खरोखर!

"एक अट आहे," अध्यक्ष माझ्याकडे वळले. मी सदरा सारखा केला. आता मुलांना शिकवायची विनंती होणार, थोडे आढेवेढे घ्यावेत की लगेच हो म्हणावं?

"यांना सभासद करून घ्या," ते म्हणाले. "बालविभागात."

तेव्हापासून दर शनिवारी मी त्या बुटक्या खुर्चीवर बसतो. पुस्तक निवडायचं काम टिकलीकडे आहे. "काकांना आधी चित्रं नीट बघायला शिकवू," असं म्हणून तिने पहिले तीन आठवडे मला बिनशब्दांची पुस्तकं दिली. गेल्या शनिवारी बढती मिळाली, पानाला एक ओळ! त्यात एक बदक घरातून निघतं आणि दार उघडंच टाकून जातं. का? ते परत येणार आहे, की कोणी येण्याची वाट बघतंय? चार दिवस दुकानात माझं लक्ष नाही, काल एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. तुमच्यापैकी कोणाला ते दार का उघडं आहे हे ठाऊक असेल तर कृपा करून सांगा. आणि हो, टिकलीला कळू देऊ नका, ती पुन्हा बिनशब्दांचं देईल!