सदरा कोणी द्यावा

जानेवारीतल्या एका सकाळी, फ्रान्समधल्या लवार नदीकाठच्या राजवाड्यात, राणीला थंडी वाजत होती. आणि ती शास्त्रोक्त वाजत होती, याचे प्राध्यापक ओदिलों वासेर यांना परम समाधान होते.

राणी म्हणजे सोलेन नावाची विशी ओलांडलेली नटी. परमुलखातून तरुण वयात आणलेल्या एका राणीवरचा तो चित्रपट आधुनिक धाटणीचा होता. म्हणजे त्यात राणी काळा चष्मा लावून चाकांच्या बुटांवरून दरबारात फिरे, सरदार इलेक्ट्रिक गिटारवर नाचत आणि धर्मगुरू गुलाबी कुत्रा मांडीवर घेऊन उपदेश करीत. वासेर हे राजदरबारातील शिष्टाचारांचे गाढे अभ्यासक असल्याने त्यांना सल्लागार नेमले होते. त्यांचा प्रत्येक सल्ला दिग्दर्शिका ल्युदिवीन प्रेव्हेल डोळे मिटून ऐकत आणि डोळे उघडताच विसरत.

एका प्रसंगासाठी मात्र वासेर अडून बसले होते. त्या दरबारात राणीला सकाळचा सदरा स्वतः घेता येत नसे. तो देण्याचा मान उपस्थित स्त्रियांमधील सर्वांत उच्चपदस्थ स्त्रीचा. दासीने तो सरदारपत्नीला द्यावा, इतक्यात दारातून राजघराण्यातील कोणी बाई यावी, सरदारपत्नीने तो दासीकडे परत द्यावा, दासीने त्या बाईंपुढे धरावा. आणि तोवर राणीने हात छातीशी धरून कुडकुडत राहावे. एका सदऱ्यात अख्खी राजवट दिसते, असे वासेर म्हणत. लोकांनी हे एकदा पाहावे आणि त्यात स्वतःला ओळखावे, म्हणजे आपली हयात कारणी लागली, अशी त्यांची श्रद्धा होती. प्रेव्हेलबाईंनी अखेर होकार दिला. कारण जुने लोक किती खुळे होते आणि आपण किती मोकळे आहोत, हे त्यातून ठसठशीत दिसणार होते.

चित्रण सुरू झाले. सोलेन तलम वस्त्रात, खडूने आखलेल्या खुणेवर उभी राहिली. सरदारपत्नी झालेल्या नटीने हात पुढे केला, सदरा निसटला आणि जमिनीवर पडला.

ती बिचारी सहज वाकली, तोच कपडेपटाच्या प्रमुख गिल्मेतबाई कडाडल्या. "हात लावू नकोस. तू नटी आहेस, उचलणारी नाहीस."

मग बाईंनीच तो उचलावा, असे कोणीतरी सुचवले. बाईंनी शांतपणे खुलासा केला की, सदरा अंगावर असेल तोवर कपडेपटाचा. अंगापासून सुटला की ते सामान. सामानविभागाचे प्रमुख बर्तोमिए यांनी सदऱ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. हातातली वस्तू सामान, हे त्यांनी मान्य केले. फरशीवरची वस्तू मात्र राजवाड्याची. तेव्हा राजवाड्याच्या देखरेखीसाठी कोपऱ्यात बसलेले अधिकारी उठले. छतावरच्या चितारलेल्या देवतांना घाम फुटेल म्हणून शेगडी पेटवू न देणारे ते हेच. ऐतिहासिक फरशीवर जे पडेल ते ऐतिहासिक, आणि ते हलवायचे तर परवानगी हवी, असे त्यांनी नम्रपणे निदर्शनास आणले.

"परवानगी देतं कोण?" सोलेनचे दात वाजत होते.

"मीच," अधिकारी म्हणाले. "पण अर्ज आल्याशिवाय मला माझ्याशी बोलता येत नाही."

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि दालन रिकामे झाले. सोलेनला खूण सोडता येईना. ती हलली तर प्रकाशयोजना नव्याने करावी लागणार, आणि प्रकाशवाले सूप पीत होते. तिची शाल खुर्चीवर होती, पण ती पांघरवणे हे कपडेपटाचे काम. वासेर यांना राहवले नाही. ते कोट काढू लागले. जेवणाच्या सुट्टीत कोणी काम करीत नाही ना, हे पाहण्यासाठी उपाशी थांबलेला कामगार प्रतिनिधी पुढे झाला.

"मस्यू, तुमचा करार मत देण्याचा आहे. कोट देणं म्हणजे मत नव्हे."

"मग माझं मत असं आहे, की पोरीला थंडी वाजतेय."

"मत चांगलं आहे," प्रतिनिधी म्हणाला. "जेवणानंतर द्या."

आत जेवणघरात चीजचे ताट फिरत होते, आणि आधी मऊ घ्यावे की आधी निळ्या बुरशीचे, यावर एक स्वतंत्र वाद रंगला होता. सोलेन शिंकली. आणि मग कोणत्याही राणीला कधी सुचले नव्हते ते तिने केले: वाकून सदरा उचलला आणि अंगात घातला.

ही वार्ता जेवणघरात गोड पदार्थाच्या आधी पोहोचली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या गिल्मेतबाई आणि बर्तोमिए यांनी परस्परांना मिठी मारून संप जाहीर केला. प्रकाशवाल्यांनी पाठिंबा दिला. स्वयंपाक्यानेही दिला, मात्र कॉफीनंतर. अखेर तडजोड निघाली. सोलेनने सदरा काढावा आणि जिथे होता तिथे, जमल्यास त्याच सुरकुत्यांसह, पुन्हा टाकावा. मग अधिकाऱ्यांनी तो बर्तोमिए यांना, बर्तोमिए यांनी गिल्मेतबाईंना आणि बाईंनी राणीला द्यावा.

तसे होऊ लागले. सदरा गिल्मेतबाईंच्या हाती आला, आणि नेमके तेव्हाच दारातून निर्मिती व्यवस्थापक आत आले. ते सर्वांत वरिष्ठ. बाईंनी अदबीने सदरा बर्तोमिए यांना परत केला, म्हणजे त्यांनी तो व्यवस्थापकांपुढे धरावा. राणी हात छातीशी धरून कुडकुडत राहिली. वासेर यांचे डोळे भरून आले.

कॅमेरा सकाळपासून चालूच होता. तो थांबवण्याचा शब्द दिग्दर्शिकेने उच्चारायचा, आणि त्या तो न उच्चारताच जेवायला गेल्या होत्या. कॅमेरावाला शिस्तीचा माणूस. प्रेव्हेलबाईंनी नंतर ते सारे पाहिले, त्यात एक धाडसी शैली त्यांना आढळली, आणि कमरेला वायरलेस लटकवलेल्या मंडळींसकट तो प्रसंग चित्रपटात जसाच्या तसा राहिला.

दुपारच्या पहिल्या खेळाला निमंत्रितांची हसून हसून मुरकुंडी वळली. "काय एकेक माणसं होती," वासेर यांच्या पुढच्या रांगेतल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "साधा सदरा देता येईना."

चित्रपट संपला, दिवे लागले, आणि पहिल्या रांगेत मंत्रिमहोदय झोपलेले आढळले. ते उठेपर्यंत कोणी उठेना. टाळ्या वाजवाव्यात, तर सुरुवात कोणी करावी हे ठरेना.

"कुणीतरी उठवा ना त्यांना," शेजारी बसलेली सोलेन कुजबुजली.

वासेर यांनी तिला हळूच समजावले की, उठवण्याचा मान सचिवांचा. पण सचिव पाचव्या रांगेत आहेत आणि चौथी रांग उठल्याशिवाय त्यांना उठता येत नाही. हा नियम कोणत्याही ग्रंथात नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांच्या परतीच्या गाडीची वेळ होत आली होती. ते कोट मांडीवर घेऊन बसून राहिले.

वाचकांचे हसून झाले असल्यास त्यांनी खुशाल उठावे. आमची हरकत नाही. फक्त आपल्याहून मोठे कोणी अजून बसलेले नाही ना, एवढे आधी पाहून घ्यावे. जसे आपण नेहमी पाहतोच.